‘प्रतिकूल हवामान’ : एका स्पष्टीकरणाची चिकित्सा

१

हवेच्या प्रदूषणासंबंधीचे एखादे प्रतिवृत्त वाचावयास घ्यावे, म्हणजे त्यात एक विधान हटकून भेटते : प्रतिकूल हवामानामुळे प्रदूषकांची पातळी वाढली. विधान खोटे नसते. वारा पडलेला असतो, आकाश निरभ्र असते, रात्री लांबलेल्या असतात आणि उपकरणांच्या नोंदी त्याला साक्ष देतात. तथापि खरे विधान आणि पुरेसे स्पष्टीकरण या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात या एका विधानाची चिकित्सा करावयाची आहे. वातावरणाच्या खालच्या थरांची स्थिती प्रदूषणावर कोणत्या रीतीने परिणाम करते, हे आधी थोडक्यात पाहू. नंतर या ज्ञानाचा कारणमीमांसेत कसा उपयोग केला जातो आणि कसा केला जावयास हवा, याचा काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे विचार करू.

लेखाचा निष्कर्ष प्रारंभीच सांगून टाकणे बरे. हवामान हे प्रदूषणाची वेळ व तीव्रता ठरविते. त्याचा उगम ठरवीत नाही. शिवाय जी गोष्ट आगाऊ कळू शकते ती सबब म्हणून पुढे करता येत नाही. तिच्यामुळे जबाबदारी उलट वाढते.

२

जमिनीच्या सान्निध्यामुळे ज्या थरातील हवेवर दैनंदिन तापण्या-निवण्याचा व घर्षणाचा प्रत्यक्ष परिणाम होतो, त्याला वातावरणाचा सीमास्तर म्हणतात. बाहेरून उष्णता न घेता वा न देता वर चढणारी कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंश सेल्सिअसने थंड होते. सभोवतालचे तापमान उंचीनुसार याहून अधिक वेगाने उतरत असेल, तर वर चढलेला हवेचा पुंजका भोवतालच्या हवेपेक्षा उष्ण राहतो आणि आणखी वर जातो. धूर उंच चढतो व पांगतो. तापमान याहून मंदपणे उतरत असेल, तर तोच पुंजका थंड व जड होऊन मागे फिरतो. आणि उंचीबरोबर तापमान उतरण्याऐवजी चढत असेल, म्हणजेच तापमानाचे व्युत्क्रमण झालेले असेल, तर वरची हालचाल जवळजवळ थांबते. धुराच्या वर जणू झाकण बसते.

हे झाकण दोन प्रकारांनी तयार होते. निरभ्र व निवांत रात्री जमीन आपली उष्णता अवकाशात सोडून निवते आणि तिला लागून असलेली हवाही निवते. हे व्युत्क्रमण जमिनीपासूनच सुरू होते व बहुधा सकाळच्या उन्हाने मोडते. दुसरा प्रकार प्रत्यावर्ताचा. उच्च दाबाच्या प्रदेशात वरची हवा सावकाश खाली उतरते, उतरताना दाबली जाऊन तापते आणि खालच्या थंड हवेवर उष्ण हवेचा थर पसरते. हे झाकण काही दिवस टिकू शकते. दोन्ही प्रकार एकत्र आले, की शहराची अवस्था कठीण होते.

परिणामाचे प्रमाण ध्यानात यावे म्हणून एक साधा हिशेब मांडू. शहर ही २० किलोमीटर लांबीची पेटी कल्पावी. तिच्या तळातून दर चौरस मीटरला दर सेकंदास १ मायक्रोग्रॅम धूर सुटतो असे मानावे. वाऱ्याचा वेग सेकंदाला २ मीटर व मिश्रण-उंची १००० मीटर असेल, तर स्थिर अवस्थेत धुराची संहती दर घनमीटरला सुमारे १० मायक्रोग्रॅम येते. वारा १ मीटरवर आणि मिश्रण-उंची २०० मीटरवर आली, की तोच धूर १०० मायक्रोग्रॅमवर जातो. चुली, मोटारी व कारखाने यांत काडीचाही फरक न पडता प्रदूषण दसपट झाले. वेग आणि मिश्रण-उंची यांच्या गुणाकाराला वायुवीजन-गुणांक म्हणतात. दिल्लीसाठी निघणाऱ्या हवेच्या गुणवत्तेच्या पूर्वानुमानांत हा गुणांक सेकंदास ६००० चौरस मीटरपेक्षा कमी आणि वाऱ्याचा सरासरी वेग ताशी १० किलोमीटरपेक्षा कमी असल्यास स्थिती प्रदूषकांच्या विखुरण्यास प्रतिकूल समजतात.

या हिशेबाकडे पुन्हा एकदा पाहावे. त्यात छेदस्थानी हवामान आहे. पण अंशस्थानी उत्सर्जन आहे. अंश शून्य असेल तर छेद कितीही लहान झाला तरी संहती शून्यच राहते. शिवाय छेद जितका लहान, तितके अंशातील प्रत्येक एककाचे मोल अधिक. वाऱ्याच्या दिवशी १० टक्के उत्सर्जन कमी केले तर वरील पेटीत १ मायक्रोग्रॅमचा लाभ होतो. झाकणाच्या दिवशी तेवढ्याच कपातीने १० मायक्रोग्रॅमचा होतो. ‘हवामानापुढे इलाज नाही’ असा निष्कर्ष काढण्यासाठी जे गणित पुढे केले जाते, तेच गणित नेमके उलट सांगते.

३

या विषयाच्या अभ्यासात लंडनच्या डिसेंबर १९५२ मधील धूरधुक्याला जे स्थान आहे ते सर्वपरिचित आहे. दिनांक ५ ते ९ या दिवसांत शहरावर प्रत्यावर्त स्थिरावला होता. थंडी कडक होती, वारा जवळजवळ नव्हता, आणि जमिनीलगतचा थंड हवेचा थर फारच उथळ होता. घराघरांतून कमी प्रतीचा कोळसा जळत होता. काही ठिकाणी धुराचे दैनिक प्रमाण दर घनमीटरला ४ मिलिग्रॅमच्याही वर गेले. त्या वेळच्या गणनेनुसार सुमारे ४००० अधिक मृत्यू झाले.

या प्रसंगाची हवामानशास्त्रीय मीमांसा उत्तम झाली आहे. तिच्यात दोष नाही. दोष आहे तिची मर्यादा ओळखली न जाण्यात. १९५४ मध्ये ब्रिटिश आरोग्य मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात धुके ओसरल्यानंतरच्या जानेवारी-फेब्रुवारीतील वाढीव मृत्यू मुख्यतः इन्फ्ल्युएंझाच्या खाती टाकले गेले. मिशेल बेल व डेव्ह्रा डेव्हिस या संशोधिकांनी २००१ मध्ये या आकड्यांचे फेरपरीक्षण केले. साथीने हे आधिक्य पुरेसे उलगडत नाही आणि फेब्रुवारी १९५३ पर्यंतचे एकूण अधिक मृत्यू सुमारे १२,००० असावेत, असे त्यांनी दाखविले. या संख्येविषयी मतभेदाला जागा आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील पद्धतीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. धुके उठले त्या दिवशी हवामानाची घटना संपली. म्हणून हानीचा हिशेबही तेथेच मिटविण्याकडे कल झाला. झाकण उघडण्याचा दिवस आणि फुप्फुसांवरील परिणाम संपण्याचा दिवस एकच असतो, असे हवामानशास्त्र कोठेही सांगत नाही. घटनेची सीमारेषा एका शास्त्रातून घेऊन ती दुसऱ्या शास्त्राच्या प्रश्नावर लादली गेली.

याच शहराने पुढे तुलनेची एक संधी दिली. डिसेंबर १९६२ मध्ये लंडनवर पुन्हा तशाच प्रकारचे दाट धूरधुके काही दिवस ठाण मांडून बसले. मधल्या काळात १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा झाला होता आणि घरगुती कोळशाच्या धुरावर निर्बंध येऊ लागले होते. १९६२ मध्ये सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण दहा वर्षांपूर्वीच्या तोडीचे होते, पण धूर लक्षणीय कमी होता. अधिक मृत्यूंची संख्या हजारांत न जाता शेकड्यांत राहिली. लोक सावध झाले होते, वैद्यकीय साहाय्यही सुधारले होते, हे मान्य करूनही एवढे म्हणता येते, की हवामान जवळपास तेच असताना परिणाम तेच राहिले नाहीत. १९५२ चे ‘कारण’ केवळ हवामान असते, तर १९६२ चा अनुभव निराळा येण्याचे प्रयोजन नव्हते.

४

हवामानाचे ज्ञान सबब म्हणून न वापरता कर्तव्याचा पाया म्हणून वापरल्याचे एक उदाहरण लंडनच्या या घटनेहूनही जुने आहे, आणि आपल्या अभ्यासक्रमांत त्याचा उल्लेख बहुधा कायद्याच्या विद्यार्थ्यांपुरताच राहतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ट्रेल येथे शिसे व जस्त गाळण्याचा मोठा कारखाना कोलंबिया नदीच्या खोऱ्यात उभा आहे. अमेरिकेची सरहद्द तेथून सुमारे ११ किलोमीटरवर. १९२५ व १९२७ मध्ये तेथे ४०९ फूट उंचीची दोन धुराडी उभारली गेली आणि उत्पादनही वाढले. त्यानंतर सरहद्दीपलीकडील वॉशिंग्टन राज्यातील शेतकऱ्यांची पिके व झाडे गंधकाच्या धुराने करपत असल्याच्या तक्रारी तीव्र झाल्या. वाद दोन राष्ट्रांच्या लवादापुढे गेला. त्याचे निर्णय १९३८ व १९४१ मध्ये झाले.

या प्रकरणाच्या निमित्ताने खोऱ्यातील हवेचा जो अभ्यास झाला, त्यात ई. डब्ल्यू. ह्यूसन या हवामानशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. खोऱ्यात दूरदूर ठेवलेल्या उपकरणांवर सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण सकाळी जवळजवळ एकाच वेळी एकदम चढत असे. धूर वाऱ्याबरोबर वाहत येत असता तर जवळच्या ठिकाणी तो आधी आणि दूरच्या ठिकाणी नंतर पोहोचावयास हवा होता. उलगडा असा, की रात्री स्थिर हवेत धूर वरच्या वर पट्ट्यासारखा खोऱ्यात पसरून राही. सकाळी ऊन चढले की तापलेल्या जमिनीवरून उठणारे प्रवाह त्या पट्ट्यापर्यंत पोहोचत आणि तो सर्वत्र एकदम खाली ओढला जाई. तात्पर्य, मिश्रण सुरू होणे हे नेहमीच हितकारक नसते. पेटीच्या साध्या गणितात हा प्रकार बसत नाही. तेथे धूर पहिल्या क्षणापासून सारखा मिसळलेला मानलेला असतो.

लवादाने या ज्ञानाचे काय केले? ‘खोऱ्याची हवाच तशी’ हे उत्तर त्याने स्वीकारले नाही. कारखान्याने वाऱ्याची दिशा, वेग व हवेचा प्रक्षोभ सतत मोजावा आणि त्या मोजमापानुसार दर तासाला किती गंधक सोडावयाचे याची मर्यादा पाळावी, अशी व्यवस्था त्याने लावून दिली. पिकांच्या वाढीच्या हंगामासाठी मर्यादा निराळी, इतर काळासाठी निराळी. म्हणजे हवा प्रतिकूल झाली की दोष हवेचा, असे न ठरता हवा प्रतिकूल झाली की हात आखडता घेण्याचे बंधन कारखान्यावर, असे ठरले. सुमारे आठ दशकांपूर्वीच्या या निर्णयात जो तर्क आहे, तो आजच्या अनेक प्रतिवृत्तांत आढळत नाही.

धुराडी उंच करणे हा त्या काळातील दुसरा मार्ग. झाकणाच्या वर धूर सोडला की खालचे शहर वाचते, हे खरे. पण वर गेलेला गंधक नाहीसा होत नाही. ब्रिटन व पश्चिम युरोपातील उंच धुराड्यांतून निघालेला गंधक स्कँडिनेव्हियातील तळ्यांत आम्ल पर्जन्याच्या रूपाने उतरत असल्याचे स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते ओडेन यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस पुढे मांडले, आणि सरहद्दी ओलांडणाऱ्या प्रदूषणाविषयी १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय करार करावा लागला. रोगाचे निदान ‘हवामान’ असे केले, की उपचारही हवामानाला चुकविण्याचाच सुचतो.

५

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घेतला पाहिजे. अंशस्थानी उत्सर्जन व छेदस्थानी हवामान अशी जी विभागणी आपण केली, ती तरी निखळ आहे काय? नाही. धूर सूर्यप्रकाश अडवितो; जमीन कमी तापते; तिच्यावरून उठणारे प्रवाह दुबळे होतात आणि मिश्रण-उंची घटते. नानजिंग विद्यापीठातील आयजुन डिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये चीनच्या महानगरांसंबंधी दाखविले, की काजळीचे कण वरच्या भागात ऊन शोषून तो भाग तापवितात आणि खालची जमीन निवती ठेवतात. म्हणजे झाकण अधिक घट्ट करण्यास धूरच हातभार लावतो. शिवाय धुक्याच्या थेंबांत सल्फर डायऑक्साइडचे सल्फेटात रूपांतर होत असल्याने दमट, स्थिर हवा ही केवळ साठवण राहत नाही. तेथे नवे कण तयारही होतात.

हा आक्षेप आपल्या मूळ प्रतिपादनाला बाधक नसून पोषक आहे. ज्याला आपण ‘प्रतिकूल हवामान’ म्हणून निसर्गाच्या खाती टाकतो, त्याचा काही भाग आपल्याच उत्सर्जनाने घडविलेला असतो. यास्तव मिश्रण-उंची ही सर्वस्वी बाहेरून आलेली राशी मानून केलेली कोणतीही वाटणी हवामानाचा वाटा थोडाफार फुगवून दाखविण्याची शक्यता असते.

६

हाच तर्क आता आपल्या देशातील शहरांना लावून पाहू. दिल्लीत उन्हाळ्याच्या दुपारी मिश्रण-उंची दोन किलोमीटरच्या वर जाते, तर हिवाळ्याच्या पहाटे ती शे-दोनशे मीटरपर्यंत उतरते. मुंबईविषयी मात्र समुद्र तिची हवा धुऊन नेतो, असा समज दीर्घकाळ होता. तो अर्धसत्य आहे. रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहिलेला धूर दिवसा खाऱ्या वाऱ्याबरोबर काही अंशी परत येतो. शिवाय समुद्रावरील तुलनेने थंड हवा किनाऱ्यावर शिरली की तेथील मिश्रण-उंची वाढण्याऐवजी मर्यादित राहते. हिवाळ्यात उत्तरेकडील व ईशान्येकडील वाऱ्यांमुळे खारा वारा सुरू होण्यास उशीरही होतो.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईची हवा असाधारण बिघडली. गुफ्रान बेग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये या हंगामाचा संबंध सलग तीन वर्षे टिकलेल्या ला निनाशी व त्यामुळे बदललेल्या वाऱ्यांच्या घडणीशी जोडला. त्या विवेचनातील एक अंग फार बोधप्रद आहे. त्याच हंगामात, त्याच कारणाने, उत्तरेकडील काही शहरांची हवा नेहमीपेक्षा बरी राहिली आणि द्वीपकल्पातील शहरांची बिघडली. एकाच हवामानाने एकाचे उणे केले आणि दुसऱ्याचे अधिक.

आता प्रतिवृत्तांच्या भाषेकडे वळू. पातळी चढली म्हणजे ‘प्रतिकूल हवामानामुळे’ असे लिहिले जाते. पातळी उतरली म्हणजे ‘अनुकूल हवामानामुळे’ असे लिहिलेले क्वचितच आढळते. तेथे उपाययोजनांचे यश नमूद होते. हा असमतोल केवळ भाषेचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांची प्रगती कणांच्या वार्षिक सरासरी संहतीवरून जोखली जाते, आणि पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार दहा लाखांवरील लोकवस्तीच्या शहरांना मिळावयाच्या अनुदानाचा काही भाग हवेच्या सुधारणेशी जोडलेला होता. हवामानाचा प्रभाव वजा न करता अशी तुलना केली, तर एखाद्या शहराला वाऱ्याबद्दल बक्षीस व दुसऱ्याला शांत हवेबद्दल दंड होण्याचा संभव राहतो.

असा प्रभाव वजा करण्याच्या सांख्यिकी पद्धती आज उपलब्ध आहेत. बर्मिंगहॅम विद्यापीठातील झोंगबो शी व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दिल्लीसह जगातील अकरा शहरांच्या २०२० मधील टाळेबंदीच्या काळातील नोंदींवर ही पद्धत वापरली. हवामानाचा भाग वेगळा काढल्यावर प्रदूषणातील घट प्रत्यक्ष दिसत होती त्याहून सामान्यतः कमी निघाली. मात्र मागील परिच्छेदातील आक्षेप या पद्धतींनाही लागू आहे, हे विसरता कामा नये. मिश्रण-उंचीला स्वतंत्र राशी मानले की धुराने केलेला तिचा संकोच हवामानाच्या नावावर जमा होतो.

कर्तव्याच्या बाजूनेही आपल्याकडे ट्रेलच्या निर्णयाशी नाते सांगणारी एक व्यवस्था आहे. दिल्ली परिसरासाठी २०१७ पासून लागू असलेली टप्प्याटप्प्याची कृतियोजना २०२२ मध्ये सुधारली गेली. पुढच्या टप्प्यांचे निर्बंध पातळी चढल्यावर नव्हे, तर पूर्वानुमानाच्या आधारे तीन दिवस आधी लागू करावेत, असे त्यात ठरले. तत्त्व उत्तम आहे; अंमलबजावणीविषयी तसे म्हणता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये निर्बंधांचे पुढचे टप्पे लागू करण्यास झालेल्या विलंबाबद्दल सर्वोच्च न्यायालयाला विचारणा करावी लागली. मुंबईत बांधकामाच्या धुळीसंबंधी सविस्तर नियमावली निघाली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये, पुढचा हिवाळा दाराशी आल्यावर; उच्च न्यायालयानेही याच महिन्यात या विषयाची स्वतःहून दखल घेतली. हिवाळा दरवर्षी येतो, रात्री दरवर्षी लांबतात. या गोष्टींना ‘आकस्मिक’ म्हणण्यास शास्त्रात आधार नाही.

७

वरील विवेचनावरून असे दिसेल, की ‘प्रतिकूल हवामान’ हे स्पष्टीकरण चुकीचे नसून अपुरे आहे, आणि त्याचे अपुरेपण निरुपद्रवी नाही. ते ‘आजच का?’ या प्रश्नाचे उत्तर देते आणि ‘मुळात का?’ या प्रश्नाचे उत्तर दिल्याचा भास निर्माण करते. दोन प्रश्नांची ही सरमिसळ अभ्यासकांनी तरी होऊ देऊ नये.

यासाठी पदव्युत्तर प्रबंधांत व विभागांच्या अहवालांत तीन पथ्ये पाळली जावीत, असे सुचवावेसे वाटते. पहिले, संहतीच्या आकड्याबरोबर त्या काळातील मिश्रण-उंची, वाऱ्याचा वेग व उत्सर्जनाचा अंदाज हे तिन्ही द्यावेत. एकट्या संहतीवरून कारणाविषयी विधान करू नये. दुसरे, बिघाडाला हवामानाचे जे परिमाण लावले, तेच सुधारणेलाही लावावे. तिसरे, एखाद्या प्रसंगाचे वर्णन करताना त्या हवामानाचे पूर्वानुमान किती दिवस आधी उपलब्ध होते आणि त्या दिवसांत उत्सर्जन कमी करण्यासाठी काय केले गेले, याची नोंद करावी. ही तिसरी नोंद भौतिकशास्त्राच्या कक्षेबाहेरची आहे असा आक्षेप येईल. परंतु पूर्वानुमान हे ज्या शास्त्राचे मुख्य फळ आहे, त्या शास्त्राने आपल्या फळाचे पुढे काय झाले हे पाहू नये, असा नियम कोणी घातलेला नाही.

व्युत्क्रमण कोणाच्या आज्ञेने थांबत नाही. त्याखाली किती धूर सोडावयाचा, हे मात्र माणसेच ठरवितात. प्रतिवृत्तातील वाक्याची रचना करताना कर्त्याच्या जागी कोणाला बसवावयाचे, हा म्हणून केवळ व्याकरणाचा प्रश्न राहत नाही.